छत्तीस अंमलदार आणि नागपूरचे एक प्राध्यापक

गणिताचा प्राध्यापक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. कोटाच्या बाहीला खडूची भुकटी, फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, आणि घरी गेल्यावर मंडईतल्या हिशेबात हमखास चूक! मराठीच्या प्राध्यापकाची थट्टा निदान प्रेमाने होते. गणिताच्या प्राध्यापकाच्या वाट्याला भीतीतून आलेली थट्टा येते. त्याच्याविषयी कोणी कादंबरी लिहीत नाही, नाटकात त्याला विनोदी पात्राच्या पलीकडे जागा नाही, आणि तो निवृत्त झाला की त्याचे विद्यार्थी सांगतात, “सर फार कडक होते हो!” त्याचे काम काय होते, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

मी मराठी शिकवितो, आणि तेही चंद्रपुरासारख्या जंगलाच्या तोंडाशी असलेल्या गावी. तेव्हा गणितावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील तर उत्तर एवढेच, की आमच्या मुलुखाच्या एका माणसाची गोष्ट गणिताच्या लोकांनी आपसांत ठेवली आणि आम्हां मराठी वाचणाऱ्यांपर्यंत ती धड पोहोचलीच नाही. नागपूरच्या सरकारी सायन्स कॉलेजात वर्षानुवर्षे गणित शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने दोघा सहकाऱ्यांसह १९५९ साली असे काही करून दाखविले, की ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर छापली गेली. गणितातील सिद्धांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर! आपल्याकडे तर तो शेवटच्या पानावरही येत नाही. या प्राध्यापकांचे नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर आज मध्य प्रदेशात आहे. परंतु त्या गावात मराठी घरे पेशव्यांच्या सरदारांबरोबर गेली आणि तेथेच रुजली. शिवाय त्या काळी सागर काय आणि आमचा चांदा काय, एकाच मध्य प्रांताचे जिल्हे. (चंद्रपूरला ‘चांदा’ म्हणण्याची सवय इकडच्या जुन्या लोकांची अजून गेलेली नाही, सरकारने नाव १९६४ मध्ये बदलले.) या सगळ्या प्रांताची राजधानी नागपूर, आणि १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठही नागपूरलाच. म्हणजे बुंदेलखंडाच्या पठारावरचा मुलगा असो की वैनगंगेच्या काठचा, पुढे शिकावयाचे तर त्याने ट्रंक घेऊन नागपूरच्या स्टेशनावर उतरावे, हे ठरलेलेच. श्रीखंडे तसेच उतरले. सरकारी सायन्स कॉलेजातून त्यांनी बी.एस्‌सी. ऑनर्सची परीक्षा दिली, ती पहिल्या क्रमांकाने आणि सुवर्णपदकासह.

सुवर्णपदक मिळविणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. पदक पेटीत राहते आणि माणूस नोकरीत. श्रीखंडे यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते कलकत्त्याला. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तेथे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली होती. संस्था केवढी, तर प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या आसऱ्याने राहिलेली. परंतु तेथे राजचंद्र बोस नावाचे एक गृहस्थ होते. हे बोसही मूळचे कॉलेजातले गणिताचे शिक्षक, कलकत्त्याच्या आशुतोष कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकविणारे. महालनोबिसांनी त्यांना तेथून उचलून आपल्या संस्थेत आणले. आणि गंमत पाहा, या बंगाली बोसबाबूंचा जन्म १९०१ साली झाला तो होशंगाबादेस, म्हणजे पुन्हा आमच्याच मध्य प्रांतात! श्रीखंडे काही काळ कलकत्त्यास राहिले, बोसांचा परिचय झाला, आणि नंतर ते नागपूरला परतून आपल्याच कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले.

आता येथे थोडे थांबून तो प्रश्न काय होता ते पाहिले पाहिजे. कंटाळू नका. दिवाळीच्या दिवसांत घरात जे असते तेवढ्यावर हे सारे समजते: फराळ आणि पत्त्यांचा कॅट.

समजा, एका घरात चार जावा आहेत आणि दिवाळीपूर्वीचे चार दिवस फराळ करावयाचा आहे. पदार्थ चार: लाडू, करंजी, चकली, चिवडा. सासूबाईंचा नियम असा, की दररोज चारही पदार्थ झाले पाहिजेत आणि चार दिवसांत प्रत्येक सुनेने प्रत्येक पदार्थ एकेकदा केला पाहिजे. म्हणजे एकीनेच चकलीचा सोऱ्या दाबीत बसण्याचा प्रसंग नको. कागदावर आडवे चार दिवस, उभ्या चार जावा मांडून घरे भरू लागा. पाळीपाळीने पदार्थ एक घर सरकवीत गेले की काम झाले. कोणत्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत एक पदार्थ दोनदा येत नाही. यालाच गणिती लोक ‘लॅटिन चौकोन’ म्हणतात. हल्ली वर्तमानपत्रांत येणारे सुडोकू हे याच घराण्यातले.

आता नियम थोडा कडक करू. पत्त्यांच्या कॅटातून चारही रंगांचे एक्का, राजा, राणी आणि गुलाम असे सोळा पत्ते काढा आणि चार बाय चार असे मांडा. अट अशी: प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत एक एक्का, एक राजा, एक राणी, एक गुलाम तर हवाच, पण इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चारी रंगही एकेकदाच यावेत. मुलांना अर्धा तास द्या. जमले नाही तर हे घ्या उत्तर. पहिली ओळ: इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. दुसरी: चौकट राजा, किलवर एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. तिसरी: किलवर राणी, चौकट गुलाम, बदाम एक्का, इस्पिक राजा. चौथी: बदाम गुलाम, इस्पिक राणी, किलवर राजा, चौकट एक्का. डावीकडील वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडील खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी नजर टाकलीत, तर चारही एक्के एका रेषेत बसलेले दिसतील.

ऑयलरने हाच खेळ पलटणींवर मांडला. लेओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातील स्विस गणिती. पीटर्सबर्ग आणि बर्लिन येथील दरबारांनी पोसलेला, आणि गणिताच्या प्रत्येक दालनात ज्याची सही सापडते असा. उतारवयात तो जवळजवळ आंधळा झाला होता, पण लेखन थांबले नाही. तो सांगे आणि दुसरे लिहून घेत. १७८२ साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. (त्याच वर्षी इकडे महादजी शिंदे यांनी इंग्रजांशी सालबाईचा तह केला, आणि आमचा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता.) निबंधातला प्रश्न असा: सहा पलटणी आहेत, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अंमलदार घेतले, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करा, की प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल.

ऑयलरला ते जमले नाही. आणि ऑयलरला जे जमत नाही ते होतच नसले पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार जगात फक्त ऑयलरलाच होता! तीन, पाच, सात असे विषम चौकोन सोपे. चार आणि आठ जमतात. बारा म्हणजे तीन गुणिले चार, तेव्हा तीनचा आणि चारचा असे दोन चौकोन एकमेकांत गुंफून बाराचा तयार होतो. अडते कोठे? जेथे संख्या सम आहे, पण चाराने भाग जात नाही तेथे. दोन, सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस. दोनचा चौकोन तर उघडच अशक्य आहे. दोन राजे आणि दोन राण्या घेऊन पाहा, दोन मिनिटांत खात्री पटेल. आणि सहा म्हणजे तीन गुणिले दोन, दहा म्हणजे पाच गुणिले दोन. त्यांतला तो दोन गुंफायला नकार देतो. ऑयलरने अटकळ बांधली, की या जातीच्या कोणत्याच संख्येचा असा चौकोन असणे शक्य नाही.

पुढे सव्वाशे वर्षे कोणाला काही सुचले नाही. १९०० च्या सुमारास गास्तों तारी नावाच्या एका फ्रेंच हौशी गणितज्ञाने सहाचा प्रश्न तडीस नेला, आणि तोही कसा, तर सगळ्या शक्यता हाताने तपासून! सहाचे मूळ रूपातले लॅटिन चौकोन भरतात ९४०८. त्यांचे सतरा गट पाडून त्याने दाखविले, की छत्तीस अंमलदार खरोखरच उभे राहू शकत नाहीत. ऑयलर सहाच्या बाबतीत बरोबर ठरला. मग दहाच्या बाबतीतही तो बरोबरच असणार, असे सगळ्यांनी धरून चालावे, यात नवल नाही. दहाचा चौकोन हाताने तपासून संपणारा नव्हे. १९५० नंतर कॅलिफोर्नियात एका संगणकाला या कामी लावले. शंभराहून अधिक तास चालूनही त्याने एकंदर शक्यतांचा नगण्य भाग तेवढा चाळला आणि हाती काही लागले नाही.

तर हा प्रश्न असा जगाच्या कोपऱ्यात पडलेला असताना नागपुरात श्रीखंडे तास घेत होते. सरकारी कॉलेजातला अध्यापक म्हणजे काय, हे ज्याने तो धंदा केला आहे त्यालाच ठाऊक. सकाळी कलन, दुपारी भूमिती, मग वह्या, परीक्षा आणि पुन्हा जूनमध्ये नवे चेहरे, तोच पहिला धडा. संशोधन हे घरी, रात्री, आपल्या जिवावर करावयाचे. ग्रंथालयात नवी नियतकालिके उशिरा येणार, आणि चर्चा करावी तर त्या विषयातला दुसरा माणूस गावात नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकांना यातले एकटेपण समजणार नाही कदाचित. आम्हां मोफसलवाल्यांना ते पाठ आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास श्रीखंडे अमेरिकेला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. चॅपेल हिल हे तिथले लहानसे विद्येचे गाव. बोसही कलकत्ता सोडून तेथेच आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंडे यांनी १९५० साली पीएच.डी. मिळविली. विषय होता ‘रचनां’चा, म्हणजे पुष्कळ वस्तूंच्या ठराविक आकाराच्या टोळ्या अशा पाडणे, की कोणत्याही दोन वस्तूंची गाठ सारख्याच वेळा पडावी. त्या वर्षी त्यांनी काही रचना मुळात असूच शकत नाहीत, हेही सिद्ध केले. आणि मग? मग ते नागपूरला परत आले, आणि पुन्हा तास, वह्या, जून. त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. डॉक्टर झालेला माणूस त्याच फळ्यापुढे उभा राहिला.

१९५८ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिलला गेले. त्याच सुमारास रेमिंग्टन रँड कंपनीच्या संगणक विभागात काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्कर यांनी एक धक्का दिला. हे चौकोन संख्येच्या अवयवांवरून जेवढे निघतात तेवढेच असू शकतात, अधिक नाहीत, असे मॅकनीश नावाच्या गणितज्ञाने १९२२ साली म्हटले होते. एकवीस म्हणजे तीन गुणिले सात, तेव्हा एकवीसचे परस्परांशी जुळणारे दोनच चौकोन असावेत. पार्कर यांनी चार काढून दाखविले! बोस आणि श्रीखंडे यांच्या लक्षात आले, की मॅकनीश पडला तर ऑयलरचाही पाया हलतो. पार्कर यांनी जे एका संख्येसाठी केले, त्यामागची युक्ती त्यांनी आपल्या ‘रचनां’च्या भाषेत उलगडली, आणि बावीसचा चौकोन बांधला.

हा बावीसचा चौकोन कसा बांधला, त्याचा गाभा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो इतका सुंदर आहे, की मराठीच्या माणसालाही मोह व्हावा. इंग्लंडात कर्कमन नावाच्या एका पाद्र्याने १८५० साली एक कोडे घातले होते. एका शाळेत पंधरा मुली आहेत. त्या रोज तिघीतिघींच्या पाच ओळी करून फिरायला जातात. सात दिवसांची आखणी अशी करा, की कोणत्याही दोन मुली एका ओळीत एकदाच, अगदी एकदाच, एकत्र याव्यात. हे जमते. आता त्यात सात बाई घाला, प्रत्येक दिवसाला एक. सोमवारच्या बाई सोमवारच्या पाचही ओळींबरोबर चालतात, मंगळवारच्या बाई मंगळवारच्या ओळींबरोबर. म्हणजे तिघींच्या ओळी आता चौघींच्या झाल्या. अशा ओळी पस्तीस. आणि सातही बाईंची स्वतंत्र एक टोळी, चहाला बसणारी म्हणा. पंधरा मुली आणि सात बाई मिळून बावीस जणी, आणि त्यांपैकी कोणत्याही दोघींची गाठ एकाच टोळीत एकदाच पडते. टोळ्यांचे आकार चार आणि सात; आणि चारचा व सातचा चौकोन तर आपल्याला येतो!

मग बावीसचा मोठा पट मांडावयाचा. समजा, आडवी ओळ पाचवी आणि उभी ओळ सतरावी जेथे एकमेकींना छेदतात ते घर भरावयाचे आहे. पाचवी आणि सतरावी यांची गाठ ज्या टोळीत पडते, त्या टोळीच्या छोट्या चौकोनातला पत्ता उचलावा आणि येथे ठेवावा. तिरक्या रेषेवर ज्याचा तो. संपले. ज्या दोनाच्या अवयवाने ऑयलरची वाट अडविली होती, त्याला न शिवता बावीसचा चौकोन उभा राहिला. गुणाकाराच्या दारातून वाट नव्हती, ती ओळखीपाळखीच्या दारातून निघाली.

ही वार्ता पार्कर यांना कळताच त्यांनी आणखी एक पाऊल टाकून दहाचा चौकोन काढला. ज्यावर संगणकाने हात टेकले होते तोच दहा. मग तिघांनी मिळून दाखवून दिले, की दोन आणि सहा सोडून ऑयलरच्या यादीतील प्रत्येक संख्येचा चौकोन आहे. ऑयलर ज्या दोन ठिकाणी बरोबर होता तेवढ्याच दोन ठिकाणी बरोबर, आणि बाकी अनंत ठिकाणी चूक! एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत हे जाहीर झाले, आणि २६ एप्रिलच्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते पहिल्या पानावर घेतले. अमेरिकेत तिघांना नाव पडले ‘ऑयलर्स स्पॉइलर्स’. आपण ‘ऑयलरचा डाव मोडणारे’ म्हणू. नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा चौकोन रंगीत चित्र होऊन झळकला, आणि आत मार्टिन गार्डनर यांनी त्याची कथा सांगितली. याच गार्डनर यांनी १९७५ मध्ये देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांवर लिहून त्यांना जगाच्या नजरेत आणले. मराठी मास्तरांना बाहेरचा माणूस ओळखतो आणि मग आपण ओळखतो, हा क्रम काही मोडत नाही.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न घरोघर विचारला जाणारच. या चौकोनांचा पहिला मोठा उपयोग झाला तो शेतात. एका बांधीत चार जातींचे धान लावून कोणती सरस हे पाहावयाचे आहे. परंतु बांधीची एक बाजू पाणथळ, दुसरी मुरमाड. एकीकडे झाडाची सावली. एक जात सगळी पाणथळ बाजूला पडली तर श्रेय जातीचे की पाण्याचे? इंग्लंडमधील रोनाल्ड फिशर यांनी सांगितले, की जातींची लावणी लॅटिन चौकोनाप्रमाणे करा. म्हणजे प्रत्येक जात प्रत्येक पट्ट्यात एकेकदा येईल आणि जमिनीचा पक्षपात कटून जाईल. आमच्याकडे सिंदेवाहीला भात संशोधनाचे केंद्र आहे, आणि त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी नुसत्या नजरेने वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ धान तयार केले. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्यापाशी फिशर नव्हता, श्रीखंडेही नव्हते. होती ती वर्षामागून वर्षे तेच वाण वेगळे लावून पाहण्याची चिकाटी. गणित तीच चिकाटी थोड्या ओळींत लिहून ठेवते, एवढेच. पुढे याच रचनाशास्त्रातून संदेशातील चुका आपोआप दुरुस्त करणारी संकेतपद्धती निघाली. दूरवरून आलेला संदेश खरखरीतूनही शाबूत वाचता येतो, त्यात बोसांचा मोठा वाटा आहे.

श्रीखंडे यांचे नाव आणखी एका गोष्टीला लागले आहे. सोळा ठिपके घ्या आणि प्रत्येक ठिपका नेमक्या सहा ठिपक्यांशी रेघांनी जोडा, असे की कोणत्याही दोन ठिपक्यांचे सामाईक शेजारी दोनच असावेत. अशी एक आकृती ठाऊक होती. श्रीखंडे यांनी १९५९ मध्येच तिच्यासारखी, पण तिच्याहून वेगळी अशी दुसरी दाखविली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती ‘श्रीखंडे आलेख’ या नावाने आहे. परदेशी विद्यार्थी ते नाव कसे उच्चारीत असतील कोण जाणे. पण आपल्या सणासुदीच्या ताटातल्या पदार्थाची आठवण करून देणारे नाव गणिताच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले, ही गोष्ट दिवाळी अंकात सांगण्याजोगी खचितच आहे.

त्यांच्या पुढच्या नोकऱ्या थोडक्यात सांगतो. १९६० पासून ते बनारस हिंदू विद्यापीठात होते. १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले, तेथील प्रगत अध्ययन केंद्राचे संस्थापक संचालकही झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. पुढे अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचेही ते संचालक होते. मुंबईतली ही वर्षे मात्र नुसती पदांची नव्हेत. नवीन सिंघी आणि वासंती भट-नायक यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्याकडे तयार झाले. वासंतीबाई पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. चिरंजीव मोहन श्रीखंडे यांनीही वडिलांचाच विषय घेतला, अमेरिकेत प्राध्यापकी केली, आणि शरद साने यांच्यासह १९९१ मध्ये रचनांवर एक ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्या माणसाला नागपुरात बोलायला समविषयी माणूस नव्हता, त्याने मुंबईत बोलणाऱ्यांची एक पिढी उभी केली.

इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात असा सूर लावला होता, की गणित हा तरुणांचा खेळ. पन्नाशीनंतर त्यात मोठे काही होत नाही. हे वाक्य आमच्या गणिताच्या मंडळींनी फार मनाला लावून घेतलेले मी पाहिले आहे. चाळिशी ओलांडली, की ते जणू सुटकेचा निःश्वास टाकतात आणि परीक्षांच्या कामाला लागतात. श्रीखंडे १९५९ च्या एप्रिलमध्ये एकेचाळीस वर्षांचे होते. बोस तर सत्तावन्न! आणि दोघेही कॉलेजच्या वर्गातून घडलेले. वर्गात तोच धडा वीस वेळा शिकविल्याने बुद्धी बोथट होते, असे म्हणतात. मला याच्या उलट शंका आहे. पंधरा मुलींची ओळ आणि सात बाईंची टोळी हे सुचायला शाळा-कॉलेजात उभा राहिलेलाच माणूस लागत असावा. हा माझा आपला मराठी तर्क. गणितात याला पुरावा म्हणत नाहीत.

आमच्या भागात गणिताच्या मास्तराची अडचण निराळीच आहे. गडचिरोली हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा काढलेला जिल्हा. तेथल्या भामरागड, एटापल्लीकडून येणाऱ्या मुलाची घरची भाषा माडिया, सिरोंच्याच्या मुलाची पुष्कळदा तेलुगू, शाळा मराठी, आणि सायन्सला आला की पुस्तक इंग्रजी. चार भाषांच्या उंबरठ्यांवर ठेचकाळत तो समीकरणापर्यंत येतो आणि तेथे नापास झाला, की आपण म्हणतो, “याला गणित येत नाही!” गणिताचे शिक्षक असलेल्या माझ्या एका सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. ते वर्गात गोंडी आकडे विचारीत. उंडी, रंड, मुंड, नालुंग. मग सिरोंच्याच्या मुलाला तेलुगू विचारीत. तो रेंडु, मूडु, नालुगु म्हणे. दोन्हींतला सारखेपणा वर्गाच्याच कानाला कळे. ही बहिणीबहिणींची भाषा आहे, हे ऐकून इतके दिवस मान खाली घालून बसणारी मुले एकदम बोलकी होत. त्यानंतर फळ्यावर काढलेला अक्ष परका वाटत नसे, असे त्यांचे म्हणणे. मी भाषेचा माणूस असल्याने मला हे लगेच पटले. कारण मुलाला अडवीत होती ती संख्या नव्हती, शब्द होता.

सोळा पत्त्यांचा खेळही मी त्यांच्याच वर्गात प्रथम पाहिला. उत्तर सांगण्यास ते ठाम नकार देत. आश्रमशाळेतून आलेल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी तो सोडवून आणला, पण पत्त्यांनी नव्हे. तिच्या वसतिगृहात पत्त्यांना बंदी होती. तिने चार झाडांची चार-चार पाने मांडली होती: मोह, तेंदू, साग आणि ऐन; प्रत्येकाचे एक कोवळे, एक जून, एक किडके, एक वाळलेले. रंगाच्या जागी झाड आणि राजाराणीच्या जागी पानाचे वय! रूप बदलले तरी रचना तीच राहते, ही गणितातली खरी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

नागपूर विद्यापीठाच्या छायेतून निघून या दोन जिल्ह्यांची कॉलेजे २०११ मध्ये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला जोडली गेली. आता सिरोंच्याच्या मुलाला पदवीच्या कागदासाठी नागपूरच्या स्टेशनावर उतरावे लागत नाही. सोय झाली हे खरे. मात्र सायन्स शाखेला गणित घेणारी मुले नोकरीच्या वाटा शोधीत दुसरीकडे वळतात आणि गणिताच्या शिक्षकाची जागा पुष्कळदा तासिका तत्त्वावर भरली जाते, हे आम्ही रोज पाहतो. तासावर पैसे घेणाऱ्या माणसाने रात्री बावीसच्या चौकोनाचा विचार करावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

प्रा. श्रीखंडे २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यास वारले. वय एकशे दोन वर्षे. सगळा देश साथीमुळे दाराला कडी लावून बसला होता. बातमी आली आणि विरली. ऑयलर त्यांच्याकडून हरला तेव्हा जी पहिल्या पानावर होती, ती साठ वर्षांनी आमच्या वर्तमानपत्रांत मला शोधावी लागली.

प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. २०२२ मध्ये आयआयटी मद्रास आणि पोलंडमधील संशोधकांनी एकत्र येऊन सांगितले, की ऑयलरचे छत्तीस अंमलदार साध्या जगात उभे राहत नसले तरी पुंजभौतिकीच्या जगात, जेथे एक अंमलदार एकाच वेळी थोडा एका पलटणीचा आणि थोडा दुसरीचा असू शकतो, तेथे उभे राहतात. आणि दहाचा चौकोन? पार्कर यांनी परस्परांशी जुळणारे दोन दाखविले. तसे तीन असू शकतात की नाही, हे १९५९ पासून आजपर्यंत कोणालाही सांगता आलेले नाही. ना माणसाला, ना यंत्राला. आमच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न दहा बाय दहाच्या रिकाम्या घरांसह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि शिपायाला बजावले होते, की तेवढा कोपरा पुसावयाचा नाही.